सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण : प्रवेशाच्या तयारीपासून प्रबंधापर्यंत

सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्यांमध्ये आता केवळ एमबीबीएस झालेले डॉक्टर नसतात. दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, औषधनिर्माण, समाजकार्य, संख्याशास्त्र, गृहविज्ञान अशा अनेक शाखांचे पदवीधर मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच, या पदवीकडे वळत आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची तयारी संस्थांची यादी, शुल्क आणि प्रवेश परीक्षेच्या तारखा यांपासून सुरू होते. हा क्रम उलटा असायला हवा, असे मला ठामपणे वाटते. या दोन वर्षांत साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्य धोरण, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे इतके विषय एकाच वेळी समोर येतात की, ज्याच्या मनात स्वतःचा एखादा प्रश्न नसतो त्याच्या हाती शेवटी टिपणांच्या वह्या तेवढ्या उरतात. प्रश्न आधी असेल, तर प्रत्येक विषय त्या प्रश्नाच्या कामी येतो.

महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्याची दोन सर्वाधिक ज्ञात कामे याची साक्ष देतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण रुग्णालयात काम करताना पाहिले होते की, त्यांच्यासमोर येणारे बरेचसे आजार मुळात टाळता येण्याजोगे आहेत. त्यानंतर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही त्याच विद्यापीठातून एमपीएच केले आणि परतल्यावर गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. दोन्ही जोडप्यांनी पदवी घेतली ती खेड्यातील कामासाठी, आणि शिकलेली पद्धत तिथल्याच प्रश्नांवर वापरली.

पहिला टप्पा : प्रश्न ठरवणे

रुग्ण तपासणारा डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक एकाच घटनेकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. समोर बसलेल्या स्त्रीला ही शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे का, हा शल्यचिकित्सकाचा प्रश्न झाला. या विशिष्ट समूहात, या वयात, इतर स्त्रियांच्या तुलनेत शस्त्रक्रिया अधिक का होतात, त्यामागे कामाचे स्वरूप, खाडा झाल्यावर कापली जाणारी मजुरी, फडावर पाणी आणि शौचालय नसणे, खासगी दवाखान्यांत मिळणारा सल्ला यांपैकी कशाचा किती वाटा आहे, हा आपल्या अभ्यासशाखेचा प्रश्न झाला. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न ज्याला मनापासून अस्वस्थ करतात, त्याने या वाटेला अवश्य यावे. ज्याला रुग्णाशी होणारा रोजचा संबंध सोडवत नाही, त्याने मात्र नीट विचार करूनच निर्णय घ्यावा. एमपीएच केल्याने वैद्यकीय व्यवसाय करण्याचा नवा परवाना मिळत नाही.

प्रश्न शोधण्यासाठी आपल्या ओळखीच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीने काही दिवस बसावे. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात जावे, आशाताईंबरोबर गृहभेटींना जावे, आरोग्य सेविकेची नोंदवही कशी भरली जाते ते पाहावे. त्यानंतर एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात : कोणाची समस्या, कुठे, नेमकी कोणती, साधारण किती प्रमाणात आणि माझ्या मते कशामुळे. शेवटचे उत्तर पुढे बहुधा चुकीचे ठरेल, आणि त्यात काही वावगे नाही. ‘ग्रामीण महिलांचे आरोग्य’ हा प्रश्न नव्हे. ‘आमच्या तालुक्यातील गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या मिळतात, पण त्या पूर्ण का घेतल्या जात नाहीत’ हा प्रश्न आहे.

दुसरा टप्पा : कोणती पदवी, कोणती संस्था

एमबीबीएस झालेल्यांना नीट-पीजीमार्गे कम्युनिटी मेडिसिनमधील तीन वर्षांची एमडी पदवी घेता येते. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करायचे असेल, तर तीच वाट सरळ आहे. एमपीएच साधारणपणे दोन वर्षांचे असते आणि अनेक संस्थांमध्ये इतर शाखांच्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. तथापि पात्रतेच्या अटी संस्थेनुसार बऱ्याच वेगळ्या असल्याने त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. रुग्णालय प्रशासन हा वेगळा विषय आहे. नावात ‘आरोग्य’ असल्याने अनेकांचा गोंधळ होतो, पण तिथे भर संस्थेच्या व्यवस्थापनावर असतो, समूहाच्या आरोग्यावर नसतो.

देशातील या शिक्षणाचा इतिहास जुना आहे. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ मध्ये सुरू झाली. आजच्या स्वरूपातील एमपीएच तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये सुरू केले. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया २००६ मध्ये स्थापन झाल्यावर गांधीनगर, हैदराबाद, भुवनेश्वर अशा ठिकाणी तिच्या संस्था उभ्या राहिल्या. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था साथींच्या प्रत्यक्ष तपासासाठी, तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील केंद्र सामाजिक आणि राजकीय मांडणीसाठी ओळखले जाते. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्र आणि आरोग्य धोरण यांकडे झुकणारे शिक्षण मिळते. तिथून जवळच असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था एमपीएचची नसली, तरी जन्म, मृत्यू, स्थलांतर आणि सर्वेक्षणे यांची ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी तिच्याइतकी चांगली जागा राज्यात दुसरी नाही. ज्यांना प्रामुख्याने आरोग्य संवर्धन (हेल्थ प्रमोशन, म्हणजे लोकांना आपले आरोग्य राखता आणि सुधारता यावे यासाठीचे काम) आणि आरोग्य शिक्षण यांतच काम करायचे आहे, त्यांनी त्या विषयातील एक वर्षाच्या पदविकेचाही विचार करावा. कोलकात्याची वरील संस्था आणि मुंबईचे कुटुंब कल्याण प्रशिक्षण व संशोधन केंद्र यांनी ती अनेक वर्षे चालवली आहे.

संस्था निवडताना इमारत आणि जाहिरात बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. पूर्णवेळ शिक्षक किती आणि ते स्वतः कशावर संशोधन करतात? संस्थेचे स्वतःचे कार्यक्षेत्र, म्हणजे वर्षानुवर्षे संबंध असलेली गावे किंवा वस्त्या आहेत का? मागील दोन तुकड्यांचे प्रबंध पाहायला मिळतील का? प्रबंध दाखवायला जी संस्था टाळाटाळ करते, तिथे प्रवेश घेऊ नये. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत असे अभ्यासक्रम बरेच निघाले आहेत आणि त्यांच्या दर्जात मोठी तफावत आहे, म्हणून हे सांगावेसे वाटते.

तिसरा टप्पा : प्रवेशापूर्वीचे सहा महिने

या काळात टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, मध्यक आणि आलेख यांची शालेय पातळीवरील उजळणी करावी. स्प्रेडशीट सफाईने वापरता यायला हवी. आर ही संगणक प्रणाली विनामूल्य आहे; तिची तोंडओळख आधीच झाली, तर पहिले सत्र पुष्कळ सुसह्य होते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची एपी इन्फो प्रणालीही अनेक वर्षे विनामूल्य मिळत आली आहे आणि साथीच्या तपासासाठी सोयीची आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी शोधनिबंध वाचण्याची सवय याच महिन्यांत लावून घ्यावी, मात्र आपल्या मराठीला उणे समजू नये. गावात मुलाखत घ्यायची वेळ येते तेव्हा वर्गातील अस्खलित इंग्रजी बोलणारे विद्यार्थी तुमच्याकडेच वळतात.

चौथा टप्पा : आकड्यांशी ओळख

पहिल्या सत्रात साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची अनेकांना धास्ती वाटते. सूत्रे पाठ करण्याऐवजी आपल्या जिल्ह्याचे आकडे घेऊन ती वापरून पाहावीत. एक उदाहरण सविस्तर पाहू.

जन्म-मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. सपाटीच्या भागात एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ३०,००० लोकसंख्येसाठी असते. राज्याचा जन्मदर हजारी १५ धरला, तर त्या केंद्राच्या क्षेत्रात वर्षाला सुमारे ४५० जन्म होतील. आता ४५० ला ३३ ने गुणून एक लाखाने भागले, तर उत्तर ०.१५ येते, म्हणजे राज्याच्या सरासरीइतकीच जोखीम असलेल्या केंद्रात सुमारे सात वर्षांतून एक मातामृत्यू अपेक्षित आहे. एखाद्या वर्षी तिथे एक मृत्यू झाला, तर त्या वर्षाचे प्रमाण दर लाखामागे २२२ निघेल आणि पुढच्या वर्षी शून्य होईल. या दोन आकड्यांवरून त्या केंद्राला नापास किंवा उत्कृष्ट ठरवणे चुकीचे आहे. या पातळीवर प्रमाण काढण्याला अर्थ नसतो. त्याऐवजी प्रत्येक मृत्यूचा मुळापासून तपास करावा लागतो. घरातून निघायला किती वेळ लागला, वाहन कधी मिळाले, दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार केव्हा सुरू झाले, हे विचारावे लागते. लहान संख्या किती हेलकावे खातात, हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिले की विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या दोन मर्यादांमध्ये असण्याचा संभव आहे तो पल्ला, ही संकल्पना वेगळी शिकवावी लागत नाही.

दुसरा सराव राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. पाच वर्षांखालील बालकांपैकी वयाच्या मानाने उंची कमी असलेल्यांचे महाराष्ट्रातील प्रमाण चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होते, पाचव्या फेरीत ते ३५.२ टक्के झाले. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेले. वृत्तपत्रात दोन्ही बातम्या ‘वाढ’ म्हणूनच छापल्या जातील. विद्यार्थ्याने मात्र विचारले पाहिजे की, पहिला फरक नमुन्यातील चढउतारात बसण्याइतका लहान नाही का? दुसरा फरक मोठा आहे, पण रक्त कसे घेतले होते? या सर्वेक्षणात बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबावर तपासणी होते, आणि शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासणाऱ्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात बालके आणि किशोरवयीनांमधील रक्तक्षयाचे प्रमाण कमी आढळले होते. शिवाय पाचव्या फेरीवर ‘२०१९-२१’ असे लिहिलेले असले, तरी महाराष्ट्रातील माहिती संकलन २०१९ मध्ये, म्हणजे कोविडपूर्वी झाले. हे माहीत नसलेला अभ्यासक या आकड्यांचे खापर टाळेबंदीवर फोडून मोकळा होतो. जिल्हावार तथ्यपत्रके सर्वांसाठी खुली आहेत, आणि अभ्यासाचा हेतू थोडक्यात लिहून नोंदणी केल्यास मूळ विदाही (डेटा) विनामूल्य मिळत आली आहे.

पाचवा टप्पा : शोधनिबंध वाचणे

आठवड्याला एक शोधनिबंध नीट वाचावा; दहा सारांश चाळण्यापेक्षा ते अधिक उपयुक्त ठरते. आधी पद्धती वाचावी, मग तक्ते पाहावेत, स्वतःचा निष्कर्ष काढावा आणि त्यानंतरच लेखकांची चर्चा वाचावी. सुरुवातीसाठी राणी बंग आणि सहकाऱ्यांचा ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेला निबंध घ्यावा. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी दाखवले की, त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्या काळी स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढेच कार्यक्रमांत धरले जात होते. रुग्णालयात येणाऱ्या स्त्रिया मोजल्या असत्या, तर हे चित्र कधीच दिसले नसते, कारण बहुतेक जणी रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हत्या. अभ्यास समाजात जाऊन का करायचा, याचे याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही. हा निबंध वाचताना प्रतिकूल प्रश्नही विचारावेत : दोन गावे सगळ्या जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करतात का, तपासणीला न आलेल्या स्त्रिया वेगळ्या होत्या का, ‘रोग’ कशाला म्हटले आहे? चांगल्या निबंधावर असे प्रश्न विचारल्याने त्याचे मोल कमी होत नाही.

सहावा टप्पा : आरोग्य संवर्धन गांभीर्याने घेणे

भित्तिपत्रके, पथनाट्य, जागतिक दिनाची प्रभातफेरी म्हणजे आरोग्य संवर्धन, हा समज आरोग्य खात्यातही खोलवर रुजलेला आहे आणि दुर्दैवाने अनेक अभ्यासक्रमांतही. हा विषय ‘सोपा पेपर’ म्हणून शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. वास्तविक तोच सर्वांत कठीण आहे, कारण इथे माणसाच्या जगण्यात हात घालायचा असतो.

लोकांना सोबत न घेता केलेल्या उपायांचे काय होते, हे महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. विज्ञान तयार होते. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरे उघडून झडती, सामानाची जाळपोळ आणि सक्तीचे स्थलांतर सुरू केले. लोक रुग्ण लपवू लागले, संताप वाढला आणि २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांची सेवा केली आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. एकाच शहरात, एकाच वर्षी, रोगाला सामोरे जाण्याच्या या दोन रीती होत्या. विश्वास हा आरोग्य कार्यक्रमाचा मूळ घटक कसा असतो, हे शिकण्यासाठी परदेशी उदाहरणांची गरज नाही.

सिद्धान्तांपैकी आरोग्य संवर्धनाविषयीची १९८६ ची ओटावा सनद नीट समजून घ्यावी. आरोग्यास पोषक सार्वजनिक धोरणे, अनुकूल परिसर, समाजाची कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्य सेवांना दिलेले नवे वळण अशा पाच दिशा तिने सांगितल्या. परीक्षेत या पाच ओळी लिहिणे सोपे आहे. त्या प्रत्यक्षात कशा वापरायच्या, हे मशेरीच्या उदाहरणावरून पाहू.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. याचा अर्थ, सिगारेटच्या चित्रांवर उभारलेली प्रचारसामग्री आपल्याकडील बहुतेक वापरकर्त्यांना उद्देशून नसतेच. आपल्याकडे तंबाखू तोंडात असते : तंबाखू-चुना, विदर्भात खर्रा आणि स्त्रियांमध्ये मशेरी. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली ही पूड दात घासायला म्हणून लहानपणीच हातात येते. पुढे तिची तलफ लागते आणि दिवसातून अनेकदा ती हिरड्यांना लावली जाते. अनेक स्त्रिया तिला व्यसन मानत नाहीत. आई आणि सासू लावत आल्या, म्हणून आपणही लावतो, एवढीच त्यांची भावना असते.

अशा ठिकाणी ‘तंबाखू हानिकारक आहे’ हा फलक काय करणार? प्रथम बचत गटाच्या बैठकीत बसून ऐकावे लागते. पोट साफ होते, दाढ दुखायची थांबते, कामावर भूक लागत नाही, लावली नाही तर डोके धरते, अशी कारणे बाहेर येतात. लॉरेन्स ग्रीन यांच्या प्रिसीड या आरोग्य कार्यक्रम नियोजनाच्या आराखड्यात कारणांचे तीन गट केले आहेत : वर्तनाकडे वळवणारी, ते शक्य करणारी आणि ते टिकवून धरणारी. ऐकलेली कारणे या तीन गटांत मांडावीत. मग ओटावाच्या पाच दिशा एकेक करून तपासाव्यात. धोरण म्हणाल, तर महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत गुटखाबंदी पोहोचत नाही, म्हणून इथे कायद्याचा जोर मर्यादित आहे हे मान्य करावे. परिसराच्या बाबतीत दातदुखीवर जवळपास उपचार मिळतो का, हे पाहावे; दंतवैद्य तालुक्याच्या ठिकाणीच असेल, तर मशेरी सोडा हा सल्ला अपुरा ठरतो. समाजाच्या कृतीसाठी बचत गट आणि मशेरी सोडलेल्या स्त्रिया महत्त्वाच्या आहेत, कारण त्यांच्या शब्दाला वजन असते. कौशल्यांत, सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस डोकेदुखी आणि चिडचिड कशी निभवायची, हे येते. आरोग्य सेवेत, प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीत आरोग्य सेविकेने मशेरीचे नाव घेऊन विचारणे आणि उत्तर नोंदवणे येते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी स्त्री प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते.

शेवटी मूल्यमापन. किती बैठका झाल्या, हा प्रक्रियेचा हिशेब झाला. किती जणींनी सोडण्याचा प्रयत्न केला, हा नजीकचा परिणाम आणि एक वर्षानंतर किती जणी मशेरीमुक्त राहिल्या, हा खरा परिणाम. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावे घेतली नाहीत, तर बदल कशामुळे झाला हे सांगता येत नाही. ‘सर्च’ने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला, हा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष त्या तुलनेमुळेच टिकला आणि पुढे आशांमार्फत देशभर राबवल्या जाणाऱ्या कार्यक्रमाचा आधार बनला.

सातवा टप्पा : क्षेत्रकार्य

क्षेत्रकार्यात विद्यार्थ्याला पुष्कळदा बैठकांची इतिवृत्ते लिहायला बसवले जाते. तेही काम करावे, पण त्याबरोबर एक स्वतंत्र, छोटे काम मागून घ्यावे. उदाहरणार्थ, एका उपकेंद्राची लसीकरणाची नोंद घरोघरच्या पडताळणीशी जुळते का, हे पाहता येईल. तालुका आरोग्य अधिकारी, गटप्रवर्तक, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक यांची कामे कुठे जुळतात आणि कुठे अडतात, हे पुस्तकात सापडत नाही. आशाताईंचा वेळ घेताना त्यांना कामावर आधारित मोबदला मिळतो, याचे भान ठेवावे. तुमच्याबरोबर फिरलेला दिवस त्यांच्या हिशेबात कुठेच धरला जात नाही. रोज रात्री टिपणे लिहावीत, कारण दोन दिवसांनी आठवणीतून लिहिलेल्या टिपणांत लोकांचे शब्द हरवून आपले शब्द येतात.

आठवा टप्पा : प्रबंध

प्रबंधाचा विषय दुसऱ्या सत्राच्या शेवटी नक्की व्हावा. विषय जितका आटोपशीर, तितका बरा. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या बालकांचे प्रमाण एका तालुक्यात मोजायचे आहे, असे समजा. अपेक्षित प्रमाण ३५ टक्के, ९५ टक्के विश्वासपातळी आणि अधिक-उणे ५ टक्के अचूकता धरली, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.३५ गुणिले ०.६५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३५० बालके लागतात. मात्र गावे निवडून त्यांतील बालके घेणार असाल, तर एकाच गावातील बालके परस्परांसारखी असल्याने नमुना वाढवावा लागतो. हा वाढीचा गुणक १.५ धरल्यास ५२५ होतात, आणि दहा टक्के बालके भेटणार नाहीत असे मानल्यास ५८४ पर्यंत जावे लागते. दिवसाला १५ बालकांचे मोजमाप नीट होते असे धरले, तर एकट्याने ३९ दिवस लागतील. हा हिशेब आराखडा लिहितानाच करावा, म्हणजे प्रश्न लहान करायचा की सोबतीला माणसे घ्यायची, हे वेळीच ठरते. प्राथमिक माहिती गोळा करणे झेपत नसेल, तर उपलब्ध सर्वेक्षणाच्या विदेवर उत्तम प्रबंध होऊ शकतो. त्यात कमीपणा मुळीच नाही.

संस्थात्मक नैतिकता समितीची मान्यता मिळाल्याशिवाय एकही मुलाखत घेऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वाचून काढावीत. समितीच्या बैठका दर महिन्याला होतीलच असे नाही आणि दुरुस्त्या जवळपास नेहमीच येतात, म्हणून दोन-तीन महिने राखून ठेवावेत. संमतीपत्र हा या कामाचा आरसा असतो. इंग्रजी मसुद्याचे शब्दशः मराठीकरण करून ‘सदर संशोधनामध्ये ऐच्छिक सहभागी होण्यास’ अशी वाक्ये लिहिली, तर गावातील स्त्री न समजता अंगठा उमटवते. ‘तुम्हाला उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नका, त्यामुळे दवाखान्यात मिळणारी सेवा बंद होणार नाही’ असे लिहावे, आणि अंतिम करण्याआधी तीन-चार जणींना वाचून दाखवून त्यांना काय समजले ते विचारावे. तपासणीत एखादे बालक तीव्र कुपोषित आढळले किंवा एखाद्या स्त्रीचे हिमोग्लोबिन फार कमी निघाले, तर तिला कुठे आणि कसे पाठवायचे, हेही आधीच ठरलेले असले पाहिजे. नुसते मोजून निघून येणे मला अक्षम्य वाटते.

प्रश्नावली आधी वेगळ्या गावात वापरून पाहावी. माहिती गोळा होत असतानाच रोज संगणकात भरून तपासावी. विश्लेषणाचे रिकामे तक्ते माहिती संकलनापूर्वी तयार ठेवावेत. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच तक्त्यात जात नाही, तो प्रश्नावलीतून काढून टाकावा. प्रबंध सादर झाल्यावर दोन पानांचा मराठी अहवाल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि संबंधित ग्रामपंचायतींना द्यावा. ज्यांनी माहिती दिली, त्यांचा त्या निष्कर्षांवर पहिला हक्क आहे.

परदेशातील शिक्षण आणि नोकरी

ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एक वर्षाचा असतो आणि आरोग्य संवर्धन हा स्वतंत्र विषय म्हणूनही तिथे शिकता येतो. चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जवळपास वर्षभर आधी करावा लागतो. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात निघण्याआधीच उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र हाताशी ठेवावे.

नोकरीबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कार्यक्रम व्यवस्थापक, साथरोगतज्ज्ञ वगैरे पदे मुख्यतः कंत्राटी असतात आणि त्यांच्या जाहिरातींत अनेकदा एमपीएचबरोबर वैद्यकीय किंवा तत्सम मूळ पदवीची अट असते. म्हणून इतर शाखांतून येणाऱ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातील मागील दोन-तीन वर्षांच्या जाहिराती काढून वाचाव्यात. स्वयंसेवी संस्था, महानगरपालिका, संशोधन प्रकल्प यांत संधी आहेत, पण प्रकल्पाचा निधी संपला की पद संपते; मुलाखतीत निधी किती वर्षांचा आहे आणि क्षेत्रभेटीचा खर्च कोण देणार, हे संकोच न करता विचारावे. अर्जासोबत प्रमाणपत्रांच्या जोडीला स्वतः केलेले एखादे विश्लेषण, आरोग्य संवर्धनाचा एक पूर्ण आराखडा आणि ग्रामपंचायतीला दिलेला तो दोन पानी मराठी अहवाल जोडावा. निवड करणारी व्यक्ती कामातली असेल, तर ती आधी तो अहवालच उघडते.